रकाना तिसरा: कमाई

“ही काढ,” भाभी म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझी ओढणी डोक्यावरून ओढून घेतली.

पोपटी ओढणी होती. लेकीनं मीना बाजारातून आणलेली. माझं डोकं उघडं पडलं. शारजातला तो हॉल, स्टेजच्या बाजूची अरुंद जागा, खुर्च्या उचलून नेणारे पुरुष. सगळे आमच्या गावचेच. त्यातले दोघं माझ्या धाकट्या दिराच्या वर्गात होते, आमच्या ओसरीवर जेवलेले. त्यांनी माना खाली घातल्या. मी दोन्ही हातांनी केस झाकले. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि हात डोक्यावर, जसं कुणी मारायला आलंय.

खुर्चीच्या पाठीवर सहा पांढऱ्या ओढण्या टाकलेल्या होत्या. इस्त्रीच्या, एकसारख्या. आम्ही बायकाही सहा. भाभींनी त्यातली एक माझ्या डोक्यावर घातली आणि हनुवटीखाली घट्ट गुंडाळली, लहान पोराला टोपी बांधतात तशी.

“फोटो निघेपर्यंत तरी बेवा दिसा. लोक पैसे देतात.” मग सगळ्यांना मिळून म्हणाल्या, “फोटो झाला की घडी घालून इथंच ठेवायच्या. मागच्या वर्षी एक कमी भरली.”

ती ओढणी कोणी नेली होती का, नेली तर कोणी, मला आजही माहीत नाही. पण आम्ही सहा जणींनी एकमेकींकडे बघितलं. चोर शोधल्यासारखं. एका वाक्यानं एवढं केलं.

स्टेजवर शेट माईकसमोर उभे होते. शेट म्हणजे भाभींचे नवरे. आमच्या गावाच्या जमातीचे इथले अध्यक्ष. हमरिया फ्री झोनमध्ये लोखंडी रॅक बनवायची त्यांची कंपनी, अल मजाजला खाडीकडे तोंड करून मोठा फ्लॅट.

“ह्या आपल्या सहा बेवा बहिणी,” शेट म्हणाले. “ह्यांना अल्लानंतर फक्त आपली जमात. ना कमाई, ना आधार.”

टाळ्या वाजल्या. मी पाकीट घेतलं, फोटोवाल्याकडे बघितलं. माझ्या नखांत हळद होती. त्याच दिवशी सकाळी ह्याच शेटच्या किचनमध्ये मी बत्तीस डबे भरले होते. त्यांच्या ऑफिसच्या बत्तीस माणसांचं जेवण. भात, बांगड्याचं सालन, चपात्या. ना कमाई. मला वाटलं, बोलायची रीत असेल. मेलेल्या माणसाला जनाज्यात सगळे चांगलाच म्हणतात, तसं काहीतरी.

आता जमात म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कळायचं नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मशिदीची जमात आहे, तशीच त्या गावच्या माणसांची इथेही आहे. कोणी क्रेनवर, कोणी दुकानात, कोणी ड्रायव्हर. महिन्याला प्रत्येकी वीस दिरहम चंदा. त्यातून कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मय्यतीचा खर्च, आणि बेवा फंड. गावच्या ज्या बाईचा नवरा इकडे काम करताना गेला, तिला दर महिन्याला पैसे. वर्षातून एकदा मेळावा, बिर्याणी, बक्षिसं, आणि आमचा तो फोटो.

वाईट नव्हती जमात. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यानं कुणाला वाटेल, म्हातारी उपकार विसरली. माझा नवरा इथेच गेला. कंपनीच्या कॅम्पवर सकाळी उठलाच नाही. मी तेव्हा गावाला. जमातीच्या माणसांनी त्याला आंघोळ घातली, कफन आणलं, शारजाच्या कबरस्तानात मूठमूठ माती दिली. मी त्याचं तोंड पाहिलं नाही. चार महिने दहा दिवस इद्दतीत बसले, एका खोलीत, आणि रोज वाटायचं की फोन येईल, चूक झाली, तो दुसरा कोणी होता. फोन यायचा तो जमातीचा. “वहिनी, फंडाचे पैसे पाठवलेत.” त्या पैशांवर माझी लेक शिकली. सासू जगली. हे खोटं कसं म्हणू?

त्याआधीपासून मी कोळंबीच्या फॅक्टरीत होते, रत्नागिरीला. बर्फातली कोळंबी सोलायची. सकाळी सातला बोटं बर्फात, संध्याकाळी पाचला बाहेर. बोटांची कातडी पांढरी, फुगलेली. जेवताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. बारा वर्षं केलं. तिथेच मी मराठी वाचायला शिकले. शाळा माझी उर्दूची, तीही चौथीपर्यंत. माझ्या बाजूला सुनंदा बसायची, भंडाऱ्यांची. तिनं जेवणाच्या सुट्टीत मला हजेरीच्या तक्त्यावरची नावं वाचून दाखवली. आधी नावं, मग नोटीस, मग कोळंबी बांधायला येणारे जुने पेपर. पेपरातली अर्धी बातमी भिजलेली असायची. उरलेली मी मनानं पुरी करायचे. अशी शिकले मी. म्हणून माझं लिहिणं असं आहे, बोलल्यासारखं.

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला काही कापलेलं असायचं. सुपरवायझर म्हणायचा, “पीएफ आहे, पुढे मिळेल.” गरिबाला पुढे काय मिळतं? आम्ही बायका म्हणायचो, खाल्लं मेल्यांनी.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी शेट गावी आले होते. आमच्या घरी आले, सासूला सलाम केला. म्हणाले, “वहिनी, माझ्याकडे या. इज्जतीनं राहाल. घरच्यासारखं.” मी आले. कंपनीचा व्हिसा, काम त्यांच्या अल मजाजच्या किचनमध्ये. आधी तिथे केरळचा एक माणूस डबे करायचा, तो परत गेलेला. त्याला अठराशे दिरहम होते. मला बाराशे ठरले. मी विचारलंसुद्धा नाही. बाराशे दिरहम म्हणजे किती रुपये, ह्याचा हिशोब करण्यातच माझा आनंद संपला.

राहायला रोलाला एक खोली, पडदा लावून दोघीत. दुसरी रुकय्या. तीही आमच्याच गावची, तीही बेवा, अबायांवर, म्हणजे इथल्या काळ्या बुरख्यांवर, खडे लावायचं काम घरी आणून करायची. मला आपा म्हणायची. दहा वर्षं आम्ही एका चुलीवर चहा केला. तिची डाळ पातळ, माझी घट्ट, एवढंच आमचं भांडण.

चारेक वर्षांमागे मी एकदाच पगार वाढवायचं बोलले होते. गुडघे दुखायला लागले होते, डबे बावीसचे बत्तीस झाले होते. शेट हसले. म्हणाले, “तुला पगार कशाला वाढवू? फंडाचे सहाशे मिळतात ना वर.” मला ते खरंच वाटलं. मिळतात तर आहेत. आणखी मागायचं म्हणजे हावरटपणा.

मग ह्या पोपटी ओढणीच्या मेळाव्यानंतर दोन महिन्यांनी सुनंदाचा व्हॉइस मेसेज आला. तिचा आवाज अजून तसाच, बर्फातसुद्धा गरम. “काय गो बाय, अठ्ठावन्न झाली ना तुला? माझी झाली. पेन्शन चालू झाली माझी. सरकारची गो, विनोद नाय करत. ता कापायचे ना आपल्या पगारातून, ता खाल्लानी नाय कोणी. दहा वर्षां भरली असतील तर मरेपर्यंत मिळतां. तुझी तर बारा. फॉर्म भर, झोपू नको.”

मी तो मेसेज पाच वेळा ऐकला. चपात्या लाटताना, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. तव्यावरची चपाती जळली.

माझी लेक बर दुबईत एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर आहे. तिला रात्री फोन केला. ती अर्धं इंग्रजीतच बोलते आता. “अम्मी, इट्स युअर मनी. यू वर्क्ड फॉर इट. शुक्रवारी ये, ऑनलाइन करू.”

ऑनलाइन म्हणजे काय तमाशा. आधारला जोडलेला नंबर गावाचा, ते सिम गावाला सासूपाशी, सासूला दिसत नाही, आणि तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या जैबूनला आकडे सांगायची घाई नाही. इकडे लेक ओरडतेय, “ओटीपी, ओटीपी, क्विक.” तिकडे जैबून म्हणते, “थांब, चष्मा घेतंय.” चष्मा सापडेपर्यंत नंबर संपला. दुसऱ्यांदा तिनं सगळं बरोबर सांगितलं, पण ते मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतले आकडे होते. तीन शुक्रवार गेले. सुनंदानं फॅक्टरीच्या जुन्या रजिस्टरवरून माझा पीएफचा नंबर काढून पाठवला. नाव जुळलं, जन्मतारीख जुळली. फॉर्म गेला.

मग मंजूर झाल्याचा कागद आला. लेकीनं छापून दिला. मी तो अब्रातून, खाडी ओलांडायच्या होडीतून, येताना वाचला, खाडीच्या मधोमध, बाकावर बसून, वाऱ्यात कागद दोन्ही हातांनी धरून. माझं नाव होतं. पुढे काही नव्हतं. अमक्याची बायको नाही, मरहूम तमक्याची बेवा नाही. किती वर्षं काम केलं ते होतं. बारा. रक्कम अकराशे रुपयांच्या आसपास. दिरहममध्ये पन्नाससुद्धा होत नाहीत. तरी मी रडले. समोर बसलेल्या बंगाली माणसानं विचारलं, “आपा, कोई गुजर गया क्या?” मी म्हटलं, नाही. आणि मला खूप उशिरा कळलं की त्याला हो म्हणायला हवं होतं. बारा वर्षं बर्फात हात घातलेलं ते बाईमाणूस मी कधीच पुरून टाकलं होतं. त्याचा कागद आला होता.

पुढे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, तोही मोबाइलला चेहरा दाखवून. पापणी मिटा, उघडा. जिवंत आहात. बास. फंडाचा कागद दरवर्षी विचारायचा की नवरा मेलेलाच आहे ना, दुसरा केला नाही ना. हा कागद एवढंच विचारत होता की मी आहे ना.

जमातीचा एक नियम होता. बेवेला दुसरीकडून पेन्शन सुरू झाली तर कळवायचं. मी कळवायला निघाले. प्रामाणिकपणे. मनात हेच की सांगितलं म्हणजे अल्लासमोर मोकळी. फंडाचा वर्षाचा फॉर्म शेटच्या हमरियाच्या ऑफिसात भरला जायचा. दरवर्षी ड्रायव्हर फॉर्म किचनमध्ये आणायचा, खाली पेन्सिलची फुली असायची, मी तिथे सही करायचे. कढईत फोडणी, एका हातात झारा, दुसऱ्या हातानं सही. दहा वर्षांत एकदाही वाचला नाही. वाचता येणारी बाई मी. हे माझं पाप, ते मी कुणावर ढकलत नाही. आपल्याच माणसाचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं आमच्याकडे समजतात.

ह्या वेळी मी डब्यांच्या गाडीत बसून स्वतः ऑफिसला गेले. तिथल्या मुलीनं फॉर्म दिला, आधीच भरलेला. खुर्चीवर बसून वाचला.

रकाना पहिला, नाव. तिथे नवऱ्याचं नाव, पुढे ‘यांची बेवा’.

रकाना दुसरा, निकाह केला आहे का. नाही.

रकाना तिसरा, कमाई. नाही.

मी त्या मुलीला म्हटलं, “हे चुकलंय.” ती म्हणाली, “आंटी, दरवर्षी हेच असतं. सरांनी दिलेलं आहे.” मी म्हटलं, जुने दाखव. तिनं फाइल समोर ठेवली, बिचारीला काय माहीत. मी एकेक पान उलटलं. मी इथे आले त्या वर्षापासून. कमाई नाही. कमाई नाही. कमाई नाही. खाली माझी सही. एका पानावर तेलाचा डाग, माझ्याच अंगठ्याचा. बाजूला अध्यक्षांची सही. म्हणजे शेटची. जो मला दर महिन्याला पगार देतो, त्याची.

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ते उतरलं. केरळच्या माणसाला अठराशे. मला बाराशे, आणि फंडाचे सहाशे. बेरीज केली तर अठराशेच. ते सहाशे शेटनं कधी दिलेच नव्हते. ते कॅम्पवर राहणाऱ्या, उन्हात क्रेन चालवणाऱ्या माझ्या गावच्या पोरांच्या वीस-वीस दिरहमांतून येत होते. त्यांना वाटायचं आपण बेवेला पोसतोय. ते शेटच्या किचनचा पगार भरत होते. आणि त्या सगळ्यावर, दरवर्षी, माझी सही.

मी फाइल मिटली, ह्या वर्षीचा फॉर्म उचलला.

आत गेले. शेट फोनवर होते, हबीबी हबीबी चाललेलं. फोन ठेवला. “काय गं, इथे कशाला आलीस? डबे पोचले ना?”

“पोचले. शेट, मला सरकारी पेन्शन सुरू झाली. कळवायला आले.”

“कसली पेन्शन?”

“माझी. फॅक्टरीची.”

त्यांनी कागद बघितला. आकडा बघून हसले. “पन्नास दिरहम नाहीत हे. माझा पोरगा ह्याच्यापेक्षा महाग पिझ्झा मागवतो. ह्याच्यासाठी फंड सोडणार? ठेव हे तुझ्याकडेच. मी नाही ऐकलं, तू नाही सांगितलं. खलास.”

बघा, इथे मी निघून आले असते तर सगळं तसंच राहिलं असतं. त्यांच्या मते ते माझ्यावर आणखी एक उपकार करत होते. आणि गंमत म्हणजे माझे पाय निघालेसुद्धा होते. सवय असते पायांना.

मी म्हटलं, “तिसऱ्या रकान्यात कमाई नाही लिहिलंय. मी तुमच्याकडे काम करते.”

“ती काय कमाई आहे? घरच्यासारखी आहेस तू.”

“घरच्यांना व्हिसा कंपनीचा नसतो, शेट. तिथे आहे लिहा. किती ते लिहा. मग जमातीला ठरवू दे मला द्यायचं की नाही. आणि त्यांनी बंद केलं, तर माझा पगार त्या केरळच्या माणसाएवढा करा.”

ते खुर्चीत मागे टेकले. आवाज अजिबात चढवला नाही. मोठी माणसं आवाज चढवत नाहीत. “तुला कोणी शिकवलं हे? लेकीनं?”

“वाचलं मी.”

“वाचलं.” त्यांनी पेन्शनचा कागद माझ्याकडे सरकवला. “तुझ्या नवऱ्याच्या मय्यतीला मी स्वतः खांदा दिलाय. विसरलीस?”

“नाही विसरले. त्याची दुआ मी आजही तुमच्यासाठी करते.”

“मग ऐक. पेन्शन कोणाला मिळते? म्हाताऱ्याला. सरकारनंच कागद दिला की तू म्हातारी झालीस. म्हातारी माझ्या किचनमध्ये काय करते? पुढच्या वर्षी व्हिसा संपतोय तुझा. मी काय सांगू लोकांना, पेन्शनरला राबवतो?”

“अठ्ठावन्न वर्षं झाली म्हणून पेन्शन आली,” मी म्हटलं. “हात थांबले म्हणून नाही आली. बत्तीस डबे आज मीच भरलेत. तुमचाही त्यातच होता.”

मी फॉर्म टेबलावर ठेवला. पेन्सिलच्या फुलीपुढची जागा कोरी. दारापर्यंत जाताना भिंतीला हात लावला. शूरवीर काही नव्हते मी. परतताना गाडीत ड्रायव्हरनं विचारलं, “आपा, बरं वाटत नाही का?” मी रिकाम्या डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. मला नवऱ्याची आठवण येत होती. असं कधी झालं की तो म्हणायचा, “राहू दे ना, आपल्याला काय करायचंय.” तो असता तर त्यानं सही करायला लावली असती. हेही लिहिते. मेलेल्या माणसाबद्दल खरंच बोलावं.

फॉर्मवर सही नाही, म्हणून सहाशे दिरहम बंद झाले. त्या पैशांतून सासूची औषधं आणि जैबूनचे पैसे जायचे. आता पगारातून जातात, वर ते अकराशे रुपये. लेक म्हणते, “अम्मी, आय विल मॅनेज.” मी तिला नाही म्हणते. तिचा हप्ता, तिचं भाडं मला माहीत आहे. मी संध्याकाळचा चहा सोडला, केस रंगवणं सोडलं. गुडघ्याच्या गोळ्या एक दिवसाआड.

पण सगळ्यात जड गेलं ते दुसरंच.

शेटनी पुढच्याच मीटिंगमध्ये नवा नियम काढला. आता प्रत्येक बेवेनं कमाई नसल्याचा दाखला आणायचा, दोन साक्षीदारांसह. माझं नाव घेतलं नाही. “काही लोकांना शंका आहे, म्हणून,” एवढंच म्हणाले. रुकय्या घरी खडे लावते हे सगळ्यांना ठाऊक. तिला साक्षीदार मिळेनात. तिचे पैसे अर्धे झाले. तिच्या मुलाची गावाला फी भरायची होती.

त्या दिवशी मी कामावरून आले तर तिनं तिची गादी पलीकडच्या खोलीत हलवलेली. पडदा काढून घेतला होता, तिचाच होता तो. मी दारात गेले. ती सुईत दोरा ओवत होती, वर बघितलं नाही.

“रुकय्या.”

“तुला सरकार मिळालं, आपा,” ती म्हणाली. “मला कोण आहे?”

ह्याचं उत्तर मी अजून शोधते. ती वाईट नाही, चुकीचं काही बोलली नाही. मी खरं बोलले आणि त्याची किंमत तिच्या पोराच्या वहीत गेली. शेटला हे आधीच माहीत होतं. एका बाईला शिक्षा करायची तर तिच्या बाजूच्या बाईला करायची. आम्ही पुढचं काम स्वतःच करतो, गादी उचलतो, बोलणं टाकतो.

ह्या वर्षीचा मेळावा झाला. मी गेले. पोपटीच ओढणी घालून गेले, मुद्दाम नाही, स्वच्छ तीच होती. स्टेजमागे गेले नाही. हॉलच्या दाराशी टेबल मांडून वर्गणी घेत बसले होते, तिथे रांगेत उभी राहिले. पुढे सगळे पुरुष. माझी पाळी आली तेव्हा वीस दिरहम ठेवले आणि म्हटलं, “मेंबर करा. पावती द्या.”

टेबलावर बसलेला माणूस माझ्या ओळखीचा, त्याच्या लग्नात मी भात शिजवला होता. तो गोंधळला. “खाला, बायका मेंबर नसतात. भाईजान मेंबर होते, त्यांच्या नावानं लिहू का?”

“ते गेले. मी कमावते. माझ्या नावानं लिही.”

“नियमात नाही.”

“कुठल्या नियमात? दाखव. मी वाचते.”

मागची रांग अडली. कोणीतरी म्हणालं, “यल्ला खाला, बिर्याणी थंड होतेय.” हसले लोक. त्यानं माझे वीस दिरहम उचलून माझ्या हातात परत ठेवले, हळू, आदरानं. तो आदर मला चापटीसारखा लागला. नियमांचं पुस्तक त्याच्याकडे नव्हतं. कोणाकडेच नव्हतं. मेंबरला हिशोब विचारता येतो, म्हणून मला मेंबर व्हायचं होतं, आणि हे त्यालाही समजलं होतं.

स्टेजवर पाच पांढऱ्या ओढण्या. रुकय्या तिसरी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. फोटो निघाला.

मी बिर्याणी खाऊन आले. का नाही खायची, त्यात गावचा तांदूळ होता.

हे सगळं मी आता का लिहितेय? कारण काल शेटनी किचनच्या दारात उभं राहून सांगितलं, “व्हिसाला चार महिने उरलेत. तू स्वतःच राजीनामा लिही. चांगलं दिसेल. मी गावी जायचं तिकीट काढून देतो, दुपट्टा-बिपट्टा, सन्मान करतो.” मी कांदा कापत होते. ऐकून घेतलं. तेव्हा काही बोलले नाही, कारण डबे साडेअकराला निघतात. आज दुपारी कागद घेऊन बसले.

राजीनामा मी लिहिणार नाही. मी थकलेले नाही, मी चोरी केलेली नाही, माझ्या डब्यात कधी केस निघालेला नाही. पेन्शन माझ्या बारा वर्षांची आहे आणि पगार माझ्या आजच्या दिवसाचा आहे, एकाला दुसऱ्याचं कारण होऊ देणार नाही. उद्या सकाळी हेच त्यांना सांगणार. रुकय्याचा दाखलाही मीच लिहिणार, ती बोलो न बोलो. त्यात ती खडे लावते हे लिहिणार, खड्यामागे काय मिळतं ते लिहिणार, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घालणार. ती फाडेल. मग दुसरा लिहीन. पुढच्या वर्षी पुन्हा त्या टेबलासमोर उभी राहीन, इथे असले तर इथे, नसले तर गावच्या मशिदीच्या दारात, जिथून ही जमात निघाली.

आणि शेटना मला काढायचंच असेल तर त्यांनी काढावं. लेटरहेडवर लिहून द्यावं, इतकी वर्षं आमच्याकडे पगारावर काम केलं, आणि आता ह्या ह्या कारणासाठी काढलं. सही त्यांची. मी माझी सही ते सगळं वाचून झाल्यावर करीन.